दिल्लीच्या नोंदीतलं शेवटचं वाक्य

विमलताई,

कोशाच्या कार्यालयातून आज पुन्हा फोन आला होता. दिल्लीची नोंद सोमवारपर्यंत हवीच, पानं अडून बसली आहेत, असं त्या संपादक मुलाचं म्हणणं. "मॅडम, एका वाक्यासाठी सगळं थांबलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो बाबा, थांबलंय खरं." त्याला वाटलं मी दिलगिरी व्यक्त करतेय. मी नुसती माहिती देत होते.

तुम्हाला जाऊन पंधरवडाही झालेला नाही आणि तुम्ही मागे ठेवलंत काय, तर एक वादातलं वाक्य. लोकांच्या मैत्रिणी जाताना साड्या ठेवतात, भांडी ठेवतात, फार तर लोणच्याची कृती सांगून जातात. तुम्ही माझ्यावर काम टाकून गेलात. मला तुमचा राग आला आहे, हे आधीच सांगून टाकते. मग बाकीचं बोलायला सोपं जाईल.

संध्याकाळी तुमच्या घरात स्टूल सरकल्याचा आवाज यायचा. तुम्ही वर, मी खाली, तुमची फरशी तेच माझं छत. स्टूल सरकलं म्हणजे तुम्ही बूट घालायला बसलात, हे मला कळायचं, आणि मी गॅस बंद करून चपला शोधायला लागायचे. इतकी वर्षं फिरायला जाताना आपण एकमेकींना ना हाक मारली ना फोन केला. आता संध्याकाळ झाली की मी छताकडे कान लावून बसते, मग स्वतःवरच चिडते आणि टीव्ही लावते. मयूर विहारात माणसांना काही तोटा नाही. लिफ्टमध्ये रोज चार जणांशी नमस्ते होतं. घरात येऊन दार लावलं की मात्र मी एकटी असते, विमलताई, फार एकटी असते.

हे कोशाचं काम तुमच्याकडे आलं, ते तुम्ही पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्मभर भूगोल शिकवलात म्हणून. शाळकरी मुलांसाठी मराठी ज्ञानकोश काढायचा आणि मोठ्या शहरांच्या नोंदी त्या त्या शहरातल्या मराठी माणसांकडून लिहून घ्यायच्या, अशी त्यांची कल्पना. तुम्ही हो म्हणालात आणि थेट जिना उतरून माझ्याकडे आलात.

"नलू, तुला काम आणलंय."

"मला? मी काय लेखिका आहे?"

"तू जन्मभर मिनिस्ट्रीत टिपणं लिहिलीस. थोडक्यात लिहून काहीही न सांगण्याचा तुझ्याइतका अनुभव कुणाला आहे?"

अशा तुमच्या विनवण्या. हजार शब्दांत दिल्ली बसवायची होती. मी म्हटलं, हजार शब्दांत आपल्या सोसायटीतलं पाण्याच्या टाकीचं भांडणसुद्धा बसणार नाही. तुम्ही म्हणालात, "ते कोशात घालायचं नाहीये."

पहिला मसुदा मी केला. तो तुम्ही चष्मा लावून वाचलात आणि पेन्सिलीनं कडेला कंस करत गेलात. मराठे दिल्लीत आले, मराठे दिल्लीतून गेले, मराठ्यांनी कुणाला तख्तावर बसवलं, पानिपतच्या आधी काय झालं, पानिपतनंतर काय झालं. अर्धी नोंद त्यातच संपली होती. सुलतान एका ओळीत, मोगल दीड ओळीत आणि इंग्रज, स्वातंत्र्य, फाळणी सगळं मिळून शेवटच्या परिच्छेदात कोंबलेलं.

"नले, हे वाचून कऱ्हाडच्या पोराला वाटेल, दिल्ली म्हणजे पानिपतच्या वाटेवरची चहाची टपरी आहे."

मी खूप भांडले. मराठी कोश आहे, मराठी मुलं वाचणार, त्यांना आपलं काय ते नको कळायला? तुम्ही साताऱ्याच्या, छत्रपतींच्या गावातून लग्न होऊन इथे आलेल्या. मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मलेली, महाराष्ट्रात लग्नामुंजीपुरती गेलेली. आणि मराठ्यांसाठी जिवावर उदार होऊन लढत होते मी, त्यांना कात्री लावत होतात तुम्ही. दोन वाक्यं तेवढी राहू दिलीत, तीही "तुझ्या समाधानासाठी" म्हणून. मला ते फार लागलं होतं. आता वाचते तेव्हा ती दोन वाक्यं पुरेशी आहेत असं वाटतं, पण हे तुमच्या तोंडावर मी कधीच मान्य केलं नसतं.

मग तुम्ही आपली ती पद्धत पाडलीत. कागद घरी ठेवायचा. बागेत फेऱ्या मारताना एकीनं एक वाक्य म्हणायचं, दुसरीनं ऐकायचं आणि त्यावर त्या दिवशी एक अक्षर बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर टेकलं की विचारायचं, "काल काय सांगितलं होतं?" जे आठवेल ते कोशात, आठवणार नाही ते बाहेर. आणि दोघींची मान हलल्याशिवाय काहीच कायम नाही. वर्गात तुम्ही हेच करत आलात म्हणे. काल शिकवलेल्यातलं पोरांच्या डोक्यात जेवढं उरतं तेवढाच भूगोल. मला आधी तो पोरखेळ वाटला. पण ऐकल्यावर लगेच उत्तर न देण्याची सवय मला मिनिस्ट्रीतून होतीच. तिथे तर आम्ही महिनामहिना थांबायचो.

दिल्लीचं क्षेत्रफळ मी तुम्हाला कितीदा सांगितलं असेल. दर वेळी दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणायचात, "बरंच मोठं आहे." शेवटी संपादकानं आकड्यांची वेगळी चौकट केली आणि तंटा मिटवला. लाल किल्ला आठवला म्हणून राहिला. थंडी आणि धुरकं राहिलं. मेट्रो राहिली. मिनिस्ट्रीच्या इमारतींवर मी तयार केलेलं एक देखणं वाक्य मात्र तुम्ही अख्खंच्या अख्खं विसरलात, आणि मी पुन्हा म्हणून दाखवल्यावर म्हणालात, "छान आहे. विसरण्यासारखं आहे." यमुनेचंही तसंच. 'दिल्ली यमुनेच्या काठी वसली आहे', हे तर प्रत्येक पुस्तकाचं पहिलं वाक्य. तेही दुसऱ्या दिवशी तुम्हाला आठवेना. ते तुम्ही मुद्दाम विसरलात, याची मला अजून खात्री आहे.

"काठी कोण वसलंय गं? आपण पुलावरून मेट्रोनं जातो तेवढंच."

पुलावर गाडी आली की तुम्ही बोलणं थांबवून खाली पाण्याकडे बघायचात. मी तेवढ्यात फोन बघून घ्यायची. 'यमुना दिल्लीतून वाहते, पण शहराची पाठ तिच्याकडे आहे', असं वाक्य मग तुम्ही सांगितलंत. दुसऱ्या दिवशी मला ते आठवलं. मान हलवावीच लागली.

आणि त्याच दिवसांत आपण पहाडगंजला गेलो. जे लिहायचं ते पाहून यायचं, हा तुमचा आणखी एक नियम. शाळेच्या बाजूनं चालत निघालो होतो. हॉटेलांच्या पाट्या, हातगाड्या, बॅगा ओढत स्टेशनकडे धावणारी माणसं. एका घाऊक पिशव्यांच्या दुकानातून एक टक्कल पडलेला गृहस्थ धावत बाहेर आला आणि भर रस्त्यात तुमच्या पाया पडला.

"बाई! आप? या ना, बसा ना आत. चाय मागवतो."

तुम्ही त्याला नावानिशी ओळखलंत. नकाशात श्रीलंका विसरायचा, तेही आठवलं. तो हसला, अगदी शाळकरी पोरासारखा लाजला. मग तुम्ही त्याला विचारलंत, "दिल्लीबद्दल एक गोष्ट सांग. मुलांच्या पुस्तकात घालायची आहे."

त्यानं बराच विचार केला. "बाई, सच बताऊँ? इथे सगळे कहीं न कहीं से आलेले आहेत. आता आम्हालाच बघा ना, आम्ही कोल्हापूरचे."

"कोल्हापूरला कधी गेला होतास?"

"वो... बचपन में. आत्याच्या शादीला."

 परतीच्या मेट्रोत पूल ओलांडून गाडी अलीकडे आली तेव्हा तुम्ही बोललात, "नले, ऐक. दिल्लीत राहणारी बहुतेक माणसं दुसऱ्या गावची असतात आणि शेवटपर्यंत तसंच सांगतात."

नियमाप्रमाणे मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर तुम्ही विचारलंत, काल काय सांगितलं होतं? मला ते शब्दन् शब्द पाठ होतं. रात्रभर डोक्यातून गेलं नव्हतं. पण मान काही मी हलवली नाही.

मी म्हटलं, ही माहिती नाही, हे मत आहे. संदर्भ कुठला? तुम्ही म्हणालात, पिशव्यांचा दुकानदार. मी म्हटलं, एक दुकानदार म्हणजे शहर नव्हे, आणि ऐकीव गोष्ट कोशात जात नाही.

"आणि मी?" मी विचारलं. "मी इथे जन्मले, इथे शिकले, इथे नोकरी केली. मी कुठल्या दुसऱ्या गावची?"

"तुला कुणी विचारलं, आप कहाँ से हैं, तर तू काय सांगतेस?"

 उत्तर दोघींना माहीत होतं. शाळेत असल्यापासून मी एकच सांगत आले आहे, महाराष्ट्र से. वडिलांनी सांगितलं म्हणून मी सांगितलं, मी सांगितलं म्हणून माझा मुलगा सांगतो. तो नोएडाच्या ऑफिसात बसून सांगतो, आणि त्याला महाराष्ट्रातल्या एका स्टेशनाचं नाव धड येत नाही. महाराष्ट्रातले नातेवाईक मात्र आम्हाला दिल्लीवाले म्हणतात. माझं बोलणं ऐकून तिकडे सगळे हसतात, मी दर वाक्यात 'अच्छा' म्हणते म्हणून. तुमचं ते वाक्य छापलं गेलं असतं तर मी कुठलीच उरत नव्हते, विमलताई. तुम्हाला निदान सातारा होता. हे मी तेव्हा बोलले नाही. संदर्भ, संदर्भ करत बसले.

त्यानंतर काही संध्याकाळी वर स्टूल सरकलं आणि मी उठले नाही.

एका सकाळी तुम्ही दारात उभ्या. डोक्याला स्कार्फ, हातात पाण्याची बाटली. "चल, सरोजिनी नगरला जायचंय." मी सांगितलं, तिथे आता काही नाही, क्वार्टर पाडले, सगळीकडे पत्रे ठोकलेत. तुम्ही म्हणालात, "जागा तर कुठे जात नाही ना?"

गेलो. उंच निळे पत्रे, आत क्रेनची मान, उडणारी धूळ. मी जन्मले तो ब्लॉक कुठे होता ते मला सांगता येईना. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि माझ्या सगळ्या खुणा ज्या भिंतींना होत्या त्या भिंतीच तिथे नव्हत्या. एक पहारेकरी येऊन विचारून गेला, क्या ढूँढ रही हैं मॅडम? 

तुम्ही मात्र वर्गात उभ्या असल्यासारख्या विचारायला लागलात. तुमच्या स्वयंपाकघरात ऊन कधी यायचं? सकाळी. म्हणजे ओटा पूर्वेला. बसचा आवाज कुठल्या खोलीत यायचा? पुढच्या. मग पुढचं दार या रस्त्याकडे. बाजाराला जाता-येता ऊन कुठे लागायचं? परतताना डोळ्यांवर, संध्याकाळी. पावसाचं पाणी दारात साचायचं की वाहून जायचं? साचायचं, आई बादलीनं उपसायची. तुम्ही उताराकडे बघितलंत, सूर्याकडे बघितलंत, पत्र्याच्या कडेनं चालत गेलात आणि एका जागी थांबलात. पत्र्यावर तळहात ठेवलात.

"याच्या आत, सरळ. इथे तुझ्या आईचा ओटा."

मला रडू आलं. रस्त्यात, पहारेकऱ्यासमोर, साठी उलटलेली बाई हुंदके देत रडले. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि तिचा ओटा तुम्ही मला उन्हावरून शोधून दिलात. तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, "आता सांग, कुठली तू?"

त्या दिवशीसुद्धा तुम्ही वाद सोडला नाहीत. असं आहे तुमचं.

मग कोशाकडून लेखकांची माहिती मागवण्यात आली. नाव आणि नावापुढे गाव. तसं छापायची त्यांची पद्धत आहे. तुम्ही जराही न अडखळता 'सातारा' लिहिलंत. मी 'दिल्ली' लिहिलं, जरा जोर देऊनच.

"बघ," तुम्ही म्हणालात, "माझं वाक्य सिद्ध झालं. माझं वय बघ. आता शेवट काय लांब आहे?"

"आणि माझ्या नावापुढे बघा. तुमचं वाक्य खोटं पडलं."

तुम्ही खळखळून हसलात. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला जाऊन राहणार, असं तुम्ही मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. मग म्हणालात, सोसायटीचं लिफ्टचं काम झालं की. मग म्हणालात, थंडी संपली की. मी कधी विचारलं नाही, अजून का जात नाही. तुम्ही गेला असतात तर? मला भीती वाटायची विचारायची.

आणि ही थंडी आली. धुरक्याचे दिवस, समोरची बिल्डिंग दिसेना. आपण बाग बंद केली आणि वाक्यं तुमच्या घरात सोफ्यावर बसून सांगायला लागलो. तुमचा खोकला वाढला. न्यूमोनिया आहे म्हणाले, दवाखान्यात ठेवलं. मी रोज थर्मासमध्ये तांदळाची पेज घेऊन यायची आणि तुम्ही रोज म्हणायचात, मीठ कमी आहे.

त्या दुपारी नवी नर्स होती. हसतमुख, केरळची. तुमच्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता ती गप्पा मारत होती.

"अम्माजी, मैं तो केरल से हूँ. आप कहाँ से?"

"मैं? यहीं की."

"नहीं नहीं, असली में? मतलब, गाँव कौन सा?"

"असली में भी यहीं की, बेटा. दिल्ली की."

मी थर्मासचं झाकण उघडत होते. हात तिथेच राहिला. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पट्टा फुगत होता, त्याच्याकडे बघत होतात. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना चेष्टा ना काही. कुणीही विचारलं की जन्मभर जे सहज सांगत आलात, त्याच सहजपणे दुसरंच सांगितलंत.

मला इतका आनंद झाला, विमलताई! जिंकले होते मी. तुमच्याच तोंडून जिंकले होते. बोलायला अगदी ओठांवर आलं होतं आणि मी गिळून टाकलं, कारण आपला नियम. त्या दिवशी बोलायचं नाही. उद्या यायचं, पेज वाढायची आणि सावकाश विचारायचं, "काल काय सांगितलं होतं?" घरी जाताना मी मेट्रोत एकटीच हसत होते. तुम्ही काय काय पळवाटा काढाल ते सगळं मी डोक्यात मांडून ठेवलं होतं आणि त्यांची उत्तरंही.

दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे उघडे होते, मला ओळखलंत, माझ्या हातावर बोटं ठेवलीत. मला ते विचारवेना. मास्क निघाला की विचारू, असं म्हटलं. मास्क निघालाच नाही.

म्हणून मला अजून माहीत नाही, तुम्ही ते का म्हणालात. थकला होतात म्हणून? त्या पोरीला सातारा समजावून सांगायचा कंटाळा आला म्हणून? की कधीतरी, मला न सांगता, तुमचं मन बदललं होतं? आणि बदललं होतं तर कधी? त्या पत्र्यावर हात ठेवलात तेव्हा? एवढं एक विचारायचं होतं. दुसरं काही नाही.

तुमचा भाचा पुण्याहून आला. चांगला आहे, सगळं नीट केलं त्यानं. म्हणाला, आत्याचं मन शेवटपर्यंत साताऱ्यातच होतं, अस्थी कृष्णेत सोडतो. शेवटपर्यंत, हाच शब्द वापरला त्यानं.  कृष्णेचं पाणी तुमचंच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुम्ही जे बोललात ते नर्सजवळ बोललात, भाच्याजवळ नाही, आणि माझ्यासमोर बोललात. ते माझ्याकडे राहू दे असं मला वाटलं.

रविवारी माझा मुलगा आला होता. मी कागद पसरून बसलेली. "आई, अजून तेच? कोण वाचणार यार हे, सगळं फोनवर आहे." मी त्याला वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, तू कुठला रे? तो म्हणाला, "कुठला म्हणजे? महाराष्ट्र." मग चहाचा कप खाली ठेवला. "मतलब, नोएडा. मतलब... तू असं काय विचारतेस?" चहा पिऊन तो गेला. मी खिडकीतून त्याची गाडी वळेपर्यंत बघत होते.

काल संध्याकाळी मी बागेत गेले. धुरकं जरा कमी होतं. आपल्या बाकावर कुणी नव्हतं. फेऱ्या मारल्या आणि तुमचं वाक्य मोठ्यानं म्हटलं. समोरून येणाऱ्या बाईंनी वळून बघितलं, तर मी फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं. तुमच्या वतीनं मी विचार केला, माझ्या वतीनं केला. माझ्याबद्दल तुमचं वाक्य खरं होतं, त्या दुकानदाराबद्दल खरं होतं, माझ्या मुलाबद्दल खरं आहे. म्हणजे वाक्य राहणार. माझी मान हलली, ताई, इतक्या उशिरा का होईना. फक्त 'शेवटपर्यंत' हा एक शब्द मी काढला. त्याला तुमची संमती आहे असं मी धरून चालले आहे.

मग आजच्या त्याच फोनवर त्या संपादकाला ते सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, सुटला बिचारा. मग म्हणाला, "मॅडम, लेखकांची नावं एकदा बघून घेऊ? विमलताईंच्या नावापुढे सातारा आहे. त्यांनी स्वतःच दिलेलं. तेच ठेवतो."

"नाही. दिल्ली करा."

"पण मॅडम, त्या मूळच्या..."

"मूळच्या साताऱ्याच्याच. तुम्ही दिल्ली लिहा."

तो चांगला संपादक आहे. त्यानं जे विचारायला हवं तेच विचारलं. "याला काही संदर्भ आहे का?"

मी म्हटलं, "आहे. मी ऐकलंय."

कोशात आता आपण दोघी एकाच गावच्या. संध्याकाळ झाली आहे, मी चपला घालून केव्हाची बसले आहे, वर अजून काही सरकलं नाही. आता निघते. बाकावर बसेन. काल काय सांगितलं होतं, ते मला सगळं आठवतंय. विचारा ना.